श्रीमंत देशांच्या मानवी अवकाश मोहिमा पैशाअभावी का अडतात, आणि उद्यमनगरच्या वर्कशॉपनं त्यावरून काय ठरवावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन) आणि एक सीएनसी लेथ आहे, काम मुख्यतः पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या भागांचं. गगनयान आणि पुढं होणारं भारताचं अंतराळ स्थानक यांची कामं लहान कारखान्यांपर्यंत पोचतील असं तुम्हाला वाटतं, म्हणून कर्ज काढून फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन (पाच अक्षांवर फिरवून अवघड आकार कापणारं) घ्यायचा विचार आहे. वडिलांचं म्हणणं उलट आहे. अमेरिका, रशिया, युरोप सगळ्यांच्या माणसं पाठवायच्या मोहिमा पैशाअभावी रखडतात नाहीतर बंद पडतात. एवढ्या श्रीमंतांना जे परवडत नाही, त्यात आपण कशाला शिरायचं?

वडिलांची शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. मी बरीच वर्षं संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या कामांचं कॉस्टिंग आणि करार बघत आलोय. आधी एका मोठ्या कंपनीत होतो, आता गोकुळ शिरगावला स्वतःचं युनिट आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या घरातला वाद "पैसे आहेत की नाहीत" यावर चाललाय आणि तिथंच तो अडकलाय. पैसे असतात. ते कोणत्या वर्षी मिळणार, किती मिळणार आणि दिलेला शब्द पुढचं सरकार पाळणार का, हे खरे प्रश्न आहेत.

नासाचंच बघा. अपोलोच्या धामधुमीत, १९६६ च्या सुमारास, अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला ४ टक्क्यांहून जास्त वाटा नासाकडं जात होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे, म्हणजे वर्षाला साधारण २५ अब्ज डॉलर. त्यातही माणसं पाठवण्याचं काम हा एक भागच. एवढी रक्कम अमेरिकेला झेपत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी मोहिमा अडतात.

त्याचं कारण कॉस्टिंगच्या वहीत सापडतं. माणूस वर पाठवायच्या कार्यक्रमात धातू, इंधन, यंत्रभाग यांचा खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. मोठा खर्च असतो तो तयारी टिकवून ठेवण्याचा. हजारो प्रशिक्षित माणसं, चाचणीची स्टँड, नियंत्रण कक्ष, प्रत्येक वेल्डचा एक्स-रे बघणारे निरीक्षक, प्रत्येक बोल्टचा जन्मदाखला सांभाळणारी कार्यालयं. या वर्षी काम कमी आहे म्हणून ही माणसं घरी पाठवता येत नाहीत, कारण पुढच्या वर्षी ती परत येत नाहीत.

समजा एखादा कार्यक्रम पाच वर्षांत पुरा करायचाय आणि वर्षाला २०० कोटी लागणार आहेत. त्यातले १२० कोटी ही तयारी टिकवायला जातात आणि ८० कोटींचं प्रत्यक्ष काम होतं. पाच वर्षांत ४०० कोटींचं काम, एकूण खर्च १,००० कोटी. आता सरकार म्हणालं, यंदा ओढाताण आहे, २०० ऐवजी १६० घ्या. वीस टक्केच तर कमी केले. पण १२० कोटी तसेच राहतात, कामाला उरतात ४०. तेच ४०० कोटींचं काम आता दहा वर्षं चालतं आणि एकूण खर्च १,६०० कोटींवर जातो. वीस टक्के वाचवायला गेलो आणि साठ टक्के जास्त घालवले, शिवाय वेळ दुप्पट. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण जगभरच्या मानवी मोहिमांचं दुखणं यात जवळजवळ सगळं येतं. माझ्याकडं कुणी अशा कामाचं अंदाजपत्रक घेऊन आलं की मी एकूण रकमेकडं नंतर बघतो, आधी दर वर्षाचा ठरलेला खर्च किती ते विचारतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया हे अमेरिकेचं शटल, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायचं अवकाशयान, कोसळलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्यानंतर जुलै २००५ पर्यंत एकही शटल उडालं नाही. उड्डाणं थांबली, पण पगार, इमारती, देखभाल काहीच थांबलं नाही. न उडणाऱ्या यानालाही पैसे लागतात.

दुसरा भाग वर्षावर्षाच्या मंजुरीचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची मूळ कल्पना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८४ मध्ये जाहीर केली. १९९३ पर्यंत आराखडे पुन्हापुन्हा बदलून झाले होते, बराच पैसा खर्च झाला होता आणि एकही भाग वर गेला नव्हता. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात स्थानक रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि २१६ विरुद्ध २१५ मतांनी फेटाळला गेला. एका मतानं वाचलं! त्या दिवशी एका सदस्यानं मत फिरवलं असतं तर पुढची पंचवीस-तीस वर्षं वेगळी झाली असती. दहा-पंधरा वर्षांचं काम आणि मंजुरी मात्र बारा महिन्यांची, ही विसंगती तिथं कायमची आहे.

या विसंगतीची सगळ्यात महागडी गोष्ट मला वाटते ती शटल निवृत्त झाल्यानंतरची. जुलै २०११ मध्ये शेवटचं शटल उतरलं आणि अमेरिकेकडं स्वतःचा माणूस वर न्यायचं साधन उरलं नाही. खासगी कंपन्यांकडून यान बनवून घ्यायचं ठरलं होतं. २०१२ च्या अर्थसंकल्पासाठी नासानं त्या कामाला ८५ कोटी डॉलर मागितले, मिळाले सुमारे ४०.६ कोटी. त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षीही मागणीपेक्षा कमीच. काम लांबलं. दरम्यान स्थानकावर माणसं तर पोचवायलाच हवीत, म्हणून रशियाच्या सोयूझ यानातली आसनं विकत घ्यावी लागली. २०१५ मध्ये सहा आसनांचा करार झाला ४९ कोटी डॉलरचा. एका वर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, स्वतःच्या देशातल्या कारखान्यांना द्यायच्या रकमेतून जेवढे कापले, जवळपास तेवढेच रशियाला सहा तिकिटांसाठी दिले. २०२० मध्ये तर एका आसनाला ९ कोटी डॉलर मोजले. नासाचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स बोल्डन यांनी काँग्रेसला हे लेखी कळवलं होतं, की कपात केली नसती तर ही खरेदी करावी लागली नसती. मला या गोष्टीचा राग येतो तो एवढ्यासाठी, की यात पैसा वाचला नाहीच, वर अमेरिकेच्याच कामगारांचं काम गेलं.

यात "लांबणं" आणि "बंद पडणं" या दोन गोष्टींत फरक करायला हवा. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी चंद्रावर परत जायचा कार्यक्रम जाहीर केला, त्यातून कॉन्स्टेलेशन उभं राहिलं. २००९ मध्ये नॉर्मन ऑगस्टिन यांच्या समितीनं हिशोब मांडला, की हे उद्दिष्ट गाठायचं तर वर्षाला साधारण ३ अब्ज डॉलर जास्त लागतील. ते मिळणार नव्हते. २०१० मध्ये कार्यक्रम रद्द झाला, तोवर सुमारे ९ अब्ज डॉलर खर्ची पडले होते. ओरायन हे यान तेवढं वाचलं आणि पुढं आर्टेमिस या नंतरच्या चंद्र कार्यक्रमात आलं.

आपल्याकडं राधानगरी धरणाचं उदाहरण आहे. शाहू महाराजांनी काम सुरू केलं, भिंत काही उंचीपर्यंत आली, पैशाअभावी काम थांबलं आणि ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पण अर्ध्या उंचीच्या भिंतीमागंही पाणी साठतं, आणि पुढच्या पिढीला त्याच पायावर उरलेली भिंत चढवता येते. यानाचं तसं नाही. अर्धं यान काहीच करत नाही, आणि दहा वर्षांनी ते पुरं करायला घेतलं तर भाग पुरवणारे कारखाने बंद झालेले असतात, इलेक्ट्रॉनिक्स जुनं झालेलं असतं, ज्यांना का आणि कसं ते ठाऊक होतं ती माणसं निवृत्त झालेली असतात. म्हणून मानवी मोहिमेत पैसे मध्येच थांबवणं हे कमी देण्यापेक्षाही वाईट.

आता "आंतरराष्ट्रीय" या भागाकडं येतो, कारण तुम्ही विचारलंय की एवढे देश एकत्र आले तर खर्च वाटला जाऊन सोपं का होत नाही.

थोडं सोपं होतं, पण लोक समजतात त्या कारणानं नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या जानेवारी १९९८ च्या करारावर १५ देशांच्या सह्या आहेत. पण हे देश एका पेटीत पैसे टाकत नाहीत. जो तो आपला वाटा वस्तूनं आणि सेवेनं देतो. कॅनडानं यांत्रिक हात दिला, जपाननं प्रयोगशाळा आणि मालवाहू यानं, युरोपनं कोलंबस प्रयोगशाळा. स्थानक चालवायच्या सामाईक खर्चातला युरोपचा वाटा आधी एटीव्ही या मालवाहू यानाच्या पाच फेऱ्यांतून फिटला, नंतर ओरायन यानाचं सेवा-दालन बनवून देऊन फिटतोय. पैसा आपल्याच देशात, आपल्याच कारखान्यात खर्च होतो, त्यामुळं तिथल्या खासदाराला मत देणं सोपं जातं. युरोपीय अवकाश संस्थेत तर नियमच आहे, की देश जेवढं भरेल त्या प्रमाणात त्याच्या उद्योगांना काम मिळालं पाहिजे. यानं काम महाग पडतं, एकाच यानाचे भाग पाच-सात देशांत फिरतात. पण निधी टिकतो. मंत्र्यांची परिषद साधारण तीन वर्षांनी बसते आणि तीन वर्षांचे आकडे ठरवते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रेमेनला २२.१ अब्ज युरोंवर एकमत झालं. माझ्या मते ही पद्धत महाग असूनही शहाणी आहे, कारण कारखानदाराला तीन वर्षं पुढचं दिसतं.

आंतरराष्ट्रीय करार झाला की कार्यक्रम रद्द करणं राजकीयदृष्ट्या अवघड होतं, हा दुसरा फायदा. १९९३ नंतर रशिया सामील झाला तेव्हा स्थानक हा परराष्ट्र धोरणाचा भाग बनला आणि एका मतावर लोंबकळायचं थांबलं.

तोटाही इथंच आहे. वस्तू देणारा देश अडला तर बाकीचे त्याच्यावर दावा लावू शकत नाहीत, थांबतात आणि आपापली ठरलेली तयारी पोसत बसतात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियाकडं पैसे नव्हते. झारिया हा स्थानकाचा पहिला भाग रशियात बनला, पण त्याचे पैसे अमेरिकेनं दिले. तो नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला. पुढचा झ्वेज्दा भाग रशियाच्या पैशानं व्हायचा होता, तो रखडत जुलै २००० मध्ये गेला, आणि दरम्यान अमेरिकेनं धोका नको म्हणून पर्यायी नियंत्रण भागावर खर्च केला, जो कधी उडालाच नाही. मग अमेरिकेची पाळी आली. २००१ च्या सुमारास तिच्या वाट्याचा खर्च जवळपास ५ अब्ज डॉलरनं वाढल्याचं बाहेर आलं आणि राहण्याचं दालन व आणीबाणीत परत आणणारं यान दोन्ही रद्द झाली. त्यामुळं स्थानकावर कायम राहणारी माणसं २००९ पर्यंत तीनच्या वर गेली नाहीत. युरोप आणि जपानच्या प्रयोगशाळा २००८ मध्ये जोडल्या गेल्या खऱ्या, पण त्यात काम करायला हात कमी. कपात एका देशानं केली, भोगली सगळ्यांनी.

२०२५ मध्ये हेच पुन्हा दिसलं. चंद्राभोवतीच्या गेटवे स्थानकाचे भाग इटलीत तुरिनला बनत होते, जपान, कॅनडा, संयुक्त अरब अमिराती यांनी आपले वाटे उचलले होते. मे महिन्यात अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात गेटवे रद्द करा आणि नासाचा एकूण निधी २४.८ वरून १८.८ अब्ज डॉलरवर आणा असं आलं. जुलैत काँग्रेसनं वेगळ्या कायद्यानं गेटवेला २.६ अब्ज दिले. दोन महिन्यांत एकदा रद्द आणि एकदा मंजूर. तुरिनमधल्या एखाद्या लहान पुरवठादाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा, त्यानं त्या दोन महिन्यांत माणसं ठेवायची की काढायची?

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: ठरलेला खर्च मोठा, मंजुरी वर्षाची, आणि भागीदार एकमेकांत गुंतलेले, म्हणून छोटी कपातही मोठी पडते.

यावर उपाय म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत ठराविक किमतीचे करार आले. आधी "जेवढा खर्च होईल तो आणि वर नफा" अशी पद्धत होती, त्यात कंपनीला घाई नसायची. सप्टेंबर २०१४ मध्ये नासानं माणसं नेण्यासाठी बोईंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरचे करार दिले. त्याआधी दोन कंपन्या कशाला, एक निवडा, पैसे वाचतील, असा काँग्रेसमधून आग्रह होता. स्पेसएक्सनं मे २०२० मध्ये माणसं नेली. बोईंगच्या स्टारलायनरमधून जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर गेले, यानात बिघाड निघाले, यान रिकामं परत आणावं लागलं आणि ते दोघं मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून उतरले. दुसरी कंपनी हा वायफळ खर्च नव्हता हे तेव्हा सगळ्यांना पटलं. पण बोईंगला या करारात २ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला आहे. म्हणजे तोटा नाहीसा झाला नाही, सरकारच्या वहीतून कंपनीच्या वहीत गेला. आणि कंपनी तो शक्य तितका खाली ढकलते. तुमच्या दृष्टीनं हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण साखळीच्या सगळ्यात खाली तुमचं वर्कशॉप असणार.

आता आपल्याकडचं. १५ ऑगस्ट २०१८ ला गगनयानची घोषणा झाली, त्याच वर्षी डिसेंबरात ९,०२३ कोटी रुपये मंजूर झाले, लक्ष्य होतं २०२२. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं एकूण मंजुरी २०,१९३ कोटींवर नेली. दुप्पट झाला खर्च, अशी ओरड मी ऐकली, पण ती बरोबर नाही. वाढीव ११,१७० कोटींत कामही वाढलंय. भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग आणि डिसेंबर २०२८ पर्यंतच्या एकूण आठ मोहिमा त्यात धरल्या आहेत. तारीख पुढं गेली ती मुख्यतः पैशामुळं नाही. मधे कोविड आला, आणि काम मुळातच अवघड आहे. माणसाच्या श्वासाची, तापमानाची काळजी घेणारी प्रणाली बाहेरून मिळेना, ती इथंच घडवावी लागली. संकटात माणसांना रॉकेटपासून तोडून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. तिथं घाई करू नये, आणि केली नाही याचा मला आनंद आहे. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत अ‍ॅक्सिऑम या अमेरिकी खासगी कंपनीच्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊन आले, त्यावर सुमारे ५५० कोटी खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. काहींना ते तिकीट महाग वाटलं. मला नाही वाटत. प्रत्यक्ष वर राहून काम केलेला माणूस आपल्या टीममध्ये असणं हे नंतरच्या चुका वाचवतं.

आपल्या पद्धतीत एक चांगलं आहे: मंत्रिमंडळ संपूर्ण कार्यक्रमाला एकदम मंजुरी देतं, दरवर्षी "ठेवू की रद्द करू" असं मतदान होत नाही. पण पैसे तरी वर्षालाच सुटतात. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाचा मथळा वाचून निर्णय घेऊ नका. सुधारित अंदाजाचा रकाना बघा. २०२०-२१ मध्ये अवकाश विभागाची तरतूद १३,४७९ कोटी होती, सुधारित अंदाजात ती ९,५०० कोटींवर आली. ते वर्ष कोविडचं, असाधारण होतं हे खरं. पण त्या वर्षी ज्यांनी घोषणेवर मशीन घेतलं असेल त्यांचा बँकेचा हप्ता कमी झाला नव्हता.

आता मशीनचं. माझं उत्तर तुमच्या काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत: डोक्यावर आधीचं कर्ज किती, पंपवाल्या गिऱ्हाईकाकडून पैसे किती दिवसांनी येतात, घरात प्रोग्रॅमिंग करणारं कोण आहे. तरी काही गोष्टी कुणालाही लागू पडतात.

मानवी मोहिमेच्या कामात नग फार थोडे असतात. पंपाच्या इम्पेलरसारखा महिन्याला हजारांचा लॉट नाही. कधी चार नग, कधी बारा, मग वर्षभर काही नाही. एका नगाला मशीनवर लागतो त्याहून जास्त वेळ तपासणी आणि कागदांना लागतो. कच्चा माल बहुतेक वेळा काम देणारी कंपनीच देते, त्याच्या किमतीची बँक गॅरंटी किंवा विमा मागतात, आणि नग वाया गेला तर भरपाई तुमच्याकडून. टायटॅनियमचा एक ब्लॉक बिघडला तर त्या ऑर्डरचा नफा गेला. एएस ९१०० हे विमान-अवकाश क्षेत्राचं गुणवत्ता प्रमाणपत्र, चांगलं सीएमएम (अचूक मापं घेणारं यंत्र) आणि वातानुकूलित तपासणी खोली यांचा खर्च मशीनच्या कोटेशनमध्ये नसतो. तो आधी मांडा.

पैसे उशिरा येतात हे गृहीत धरा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत असा कायदा आहे, पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. गिऱ्हाईकानं पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती मिटेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. या क्षेत्रात एकेका कागदावरून हरकती निघतात आणि त्या खोट्या नसतात. म्हणून खेळतं भांडवल किमान सहा महिन्यांचं हवं. आमच्याकडं वरच्या एका कंपनीनं पहिला लॉट घेतला, दुसरा "होल्ड"वर ठेवला. वर कार्यक्रमाचं वेळापत्रक सरकलं होतं, त्यांचाही इलाज नव्हता. नग मशीनवर पकडून ठेवणारं आमचं फिक्स्चर बनून तयार, तपासणीला खास शिकवलेला मुलगा बसून. तो चांगला मुलगा होता, त्याला पुण्यात नोकरी मिळाली, तो गेला. वर सांगितलेलं ठरलेल्या खर्चाचं गणित खालपर्यंत असं पोचतं. तेव्हापासून होल्डच्या काळातल्या फिक्स्चरचा आणि साठवणुकीचा खर्च वेगळा मिळावा असं कलम मी कोटेशनमध्येच घालतो. ते नेहमी मान्य होत नाही. पण मागितल्यावर निदान फिक्स्चरचे पैसे आधी मिळतात, हा अनुभव आहे.

मशीन घ्यावं का? या एका कसोटीवर घ्या: अवकाशाचं एकही काम आलं नाही तरी त्याचा हप्ता निघतो का. कोल्हापुरात तो निघू शकतो. शिरोली आणि कागलच्या फौंड्रींना पॅटर्नचं आणि डायचं काम लागतं, व्हॉल्व्ह आणि हायड्रॉलिक्सवाले आहेत, संरक्षणाचे सुटे भाग आहेत. ही कामं हातात असतील, निदान दोन गिऱ्हाइकांनी लेखी चौकशी दिली असेल, तर घ्या. नसतील तर आधी आहे त्या व्हीएमसीवर चौथा अ‍ॅक्सिस बसवा, तपासणी खोली उभी करा, प्रमाणपत्राचं काम सुरू करा. गगनयानची मोठी बांधणी एचएएल, एल अँड टी, गोदरेज यांच्यासारख्यांकडं आहे, तुम्हाला काम मिळेल ते त्यांच्या किंवा त्यांच्या पुरवठादारांच्या हाताखाली. ते लोक आधी तुमची तपासणी खोली आणि कागद बघतात, मशीन नंतर. आमच्या युनिटमध्ये अवकाशाचं काम एकूण उलाढालीच्या पाचव्या हिश्शाच्या वर मी जाऊ देत नाही. त्यामुळं ऑर्डर सरकली तरी पगार सरकत नाहीत, आणि ऑर्डर परत आली तेव्हा ती करणारी माणसं जागेवर असतात.

वडिलांना एवढं सांगा, की त्यांनी वाचलेलं खरं आहे, पण त्यातून "शिरू नका" असं निघत नाही. कोलंबियानंतरची अडीच वर्षं, शटलनंतरची नऊ वर्षं, या सगळ्यातून जे पुरवठादार तरले त्यांच्याकडं दुसरं काम होतं. आपल्या देशाचा माणूस आपल्या यानातून वर जावा आणि त्यातला एखादा ब्रॅकेट उद्यमनगरात घडलेला असावा, ही इच्छा माझीही आहे आणि ती वाजवी आहे. तिच्यासाठी घर गहाण टाकायची गरज नाही.

मशीनचं कोटेशन, व्याजाचा दर आणि मागच्या दोन वर्षांची गिऱ्हाईकवार उलाढाल, नावं झाकून, इथं टाकलीत तर हप्ता निघतो का ते मी आकडे मांडून सांगेन. तपासणी खोलीसाठी जागा किती आहे तेही कळवा.